विचारल्याशिवाय सल्ला देऊ नये

अण्णा, वळण पार पडलं. गाडी बंद पडली नाही, खोकली नाही आणि मला कोणी ढकलत आणलं नाही. हे सगळ्यात आधी सांगते, कारण मधलं काही ऐकून घ्यायचा तुम्हाला कधीच धीर नव्हता. कोणी काही सांगायला लागलं की तुम्ही म्हणायचात, "शेवट काय झाला ते बोला, मधलं माझं मी समजून घेतो." तर शेवट असा झाला. आता मधलंही ऐका. या वेळी तुम्हाला चहाचं निमित्त काढून उठून जाता येणार नाही.

तुम्ही जाऊन आज अकरा दिवस झाले. बुधवारी दुपारी जेवलात, "जरा पाठ टेकतो" म्हणालात आणि उठलाच नाहीत. सुनंदाचा, तुमच्या लेकीचा, फोन आला तेव्हा मी बुधवार पेठेत एका दुकानात उभी होते आणि तुमच्याच शेडमधल्या आपल्या कामासाठी वायरच्या पिना निवडत होते. फोन ठेवला आणि दुकानदाराला म्हटलं, "पिना नंतर नेते. आमचे मेकॅनिक गेले." तो पिना पुडीत भरत शांतपणे म्हणाला, "दुसरे मिळतील मॅडम, कात्रजला एक चांगला आहे." मी भर दुकानात रडायला लागले आणि रडता रडता हसूही यायला लागलं. तुम्हाला हा किस्सा फार आवडला असता. चहाच्या टपरीवर निदान महिनाभर तरी पुरवला असतात.

दुसरा मेकॅनिक! मला आपली पहिली भेट आठवते. सहा वर्षं झाली. बाबा जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं आणि त्यांची ती दोन माणसांची, बिनछपराची, विलायती लाल गाडी शनिवार पेठेत आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. लाल म्हणायचं आपलं. रंगानं ती तेव्हा पिकलेल्या पेरूच्या गरासारखी झाली होती. पॉलिटेक्निकमध्ये तीस वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकवून मी नुकतीच निवृत्त झाले होते. सोसायटीत सगळ्यांचं एकच मत होतं, की या वयात बाईमाणसानं अशी गाडी ठेवणं म्हणजे पार्किंगचा अपव्यय. मी चार गॅरेजं फिरले. चारही ठिकाणी माणसं माझ्या खांद्यावरून मागे बघत होती. "साहेब कुठे आहेत?" साहेब नाहीत, मी लग्नच केलेलं नाही, हे चौघांना चारदा सांगून झालं होतं.

मग मी तुमच्याकडे, धायरीला आले. दोन उंच इमारतींच्या मधे एक पत्र्याची शेड. ही जागा तुमच्या शेतातली उरलेली शेवटची आहे आणि पलीकडच्या इमारती उभ्या आहेत तिथे तुमचा कांदा व्हायचा, हे मला पुढे कळलं. तुम्ही हात पुसत बाहेर आलात आणि माझ्या मागे बघितलं नाहीत. गाडीकडे बघितलंत. म्हणालात, "सकाळी कितव्या सेल्फला चालू होते?"

"तिसऱ्या."

"मंग गाडी चांगली हाय. चालवतं कोन?"

"मी."

"मंग बसा की. उभ्या का?"

एवढंच. पुढे कधीही तुम्ही तो विषय काढला नाहीत आणि मीही काढला नाही. पण अण्णा, त्या दिवशी परत येताना सिंहगड रस्त्यावर सिग्नलला थांबले होते तेव्हा मला भरून आलं होतं. मला कोणी गाडीचा चालक समजून खुर्ची दिली होती. हे तुम्हाला सांगायचं राहिलं. सहा वर्षांत सहाशे वेळा भांडायला वेळ मिळाला, हे एक वाक्य सांगायला मिळाला नाही.

आणि भांडण तरी काय, एकच. ते तुमच्या नळीपासून सुरू झालं. आमच्या गाडीला दोन कार्बोरेटर, पुढचा पुढच्या दोन सिलिंडरांचा, मागचा मागच्या दोघांचा. दोघांनी हवा सारखी ओढायला हवी. तुम्ही बागेला पाणी घालायच्या नळीचा हातभर तुकडा घ्यायचात, एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी, दुसरं कानाला, आणि डोळे मिटून ऐकायचात. याचा सूं, मग त्याचा सूं. दोन्ही आवाज सारखे होईपर्यंत स्क्रू फिरवत राहायचात. मी म्हटलं, "अण्णा, याचं मीटर मिळतं." तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, "कान काय भाड्यानं आणलेत?" मग माझ्या कानाला नळी लावलीत. मला दोन्ही सूं एकसारखेच वाटले. "येईल, येईल," म्हणालात. मला वाटलं, पोरीला समजावतात तसं समजावताय.

शर्यतीत मला तुम्हीच लोटलंत, हेही सांगून ठेवते, नाहीतर लोक मला वेडी म्हणतात. जुन्या गाड्यांची हौशी मंडळी वर्षातून एकदा शहराबाहेरच्या एका बंद पडलेल्या धावपट्टीवर जमतात. एका वेळी एकच गाडी. सरळ जायचं, टोकाला ठेवलेल्या पिंपांना वळसा घालायचा, परत यायचं. कोणाशी टक्कर नाही, भांडण फक्त घड्याळाशी. पहिल्या येणाऱ्याला स्टीलचं तांब्याभांडं. मी म्हटलं, बघायला जाऊ. तुम्ही म्हणालात, "बघायला लग्नात जात्यात. गाडी हाय तर पळवा." माझी एकसष्टी घरच्यांनी सत्यनारायण घालून करायची ठरवली होती. मी हेल्मेट घालून केली.

गेल्या वर्षी मात्र पिंपांच्या वळणावर गाडी मेली. जोरात वळताना कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल एका बाजूला गेलं आणि इंजिनाला मिळेना. दोन स्वयंसेवकांनी ढकलत आणलं. त्यातला एक मला "आजी" म्हणाला. त्याच दिवशी मी ठरवलं की कार्बोरेटर काढायचे, त्या जागी हवेच्या दोन झडपा आणि पेट्रोल फवारणारे इंजेक्टर बसवायचे आणि कधी किती फवारायचं हे संगणकाला ठरवू द्यायचं. आजच्या साध्या गाडीतही हेच असतं. मी हे मुलांना शिकवलं होतं.

तुम्ही दुखावलात. "गाडीला काय झालंय? वळनाला पाय उचला."

"पाय उचलला तर शर्यत कसली?"

"मंग रिक्षा करा."

हे वर्षभर चाललं. मी त्याला इंजिन मॅनेजमेंट म्हणायचे, तुम्ही "पेटी" म्हणायचात, तेही अशा सुरात की जणू आमच्या घरात सवत आणतेय. शेवटी तुम्ही अट घातलीत. शेडसमोरच्या टपरीवर, चार जणांच्या समोर. या वर्षी पिंपांचं वळण पाय न उचलता पार झालं, तर तुम्ही त्याच चौघांसमोर म्हणणार, "बाई, पेटी बरी हाय." नाही झालं, तर कार्बोरेटर परत चढणार आणि मी पुन्हा विषय काढायचा नाही. ते कार्बोरेटर तुम्ही तेलात बुडवून, फडक्यात गुंडाळून, वरच्या फळीवर तयारच ठेवले होते. माझ्याकडे बघून ती फळी रोज एकदा पुसायचात.

खरं सांगू? मला तांब्याभांडं नको होतं. मला ते वाक्य हवं होतं. तीस वर्षं मुलांकडून "मॅडम, समजलं" ऐकलं, त्यांना समजलेलं नसतानाही. तुम्ही खोटं कधी बोलणार नाही, हे मला माहीत होतं.

आणि ज्या पेटीला शिव्या देत होतात, तिच्यासाठी तुम्ही काय काय केलंत, तेही माझ्या लक्षात आहे. मी जेवणाच्या टेबलावर बसून सगळं वायरिंग डाग देऊन जोडलं, पण इंजिनाची गती मोजणारं दातेरी चाक बाहेरून करून आणलेलं होतं आणि ते डुगडुगत होतं. मला कळलंही नाही. तुम्ही ते काढलंत, लेथवर घेतलंत, आणि परत बसवून म्हणालात, "आता तुमच्या पेटीला खोटं सांगनार न्हाई." माझ्या लॅपटॉपला शेडमध्ये जागा नव्हती. दुसऱ्या दिवशी आंब्याच्या पेटीच्या फळ्यांचं स्टँड तयार होतं, बरोबर माझ्या उंचीचं. माझी उंची तुम्ही कधी मोजलीत, देव जाणे.

आता पाटीबद्दल. ती माझी चूक, आणि अशी चूक शनिवार पेठेतलंच माणूस करू जाणे.

इंजिन पेटीवर पहिल्यांदा चालू झालं त्या संध्याकाळी तुम्ही गप्प बसेनात. मी पडद्यावरच्या तक्त्यात आकडे भरत होते, कोणत्या गतीला किती पेट्रोल, आणि तुम्ही कानाशी बोलत होतात. "ह्ये जड वाटतंय. आता हलकं. आता पुन्हा जड." त्या बोलण्याच्या नादात माझ्याकडून सगळा तक्ता पुसला गेला. दोन दिवसांचं काम. मी तोंडानं काही बोलले नाही. आम्ही तोंडानं बोलत नाही. घरी गेले, पुठ्ठा घेतला, आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं:

"संगणकावर काम चालू असताना बोलू नये. विचारल्याशिवाय सल्ला देऊ नये. हा नियम मालकांनाही लागू आहे."

दुसऱ्या दिवशी ती पाटी मी तुमच्याच शेडमध्ये, तुमच्याच भिंतीला टेकवून ठेवली. तुम्ही चष्मा लावलात. मोठ्यानं वाचलीत. दोनदा. मला वाटलं, आता हाकलून देणार. तुम्ही हातोडी आणि खिळा घेऊन आलात, पुठ्ठ्याला भोक पाडून तार ओवलीत आणि पाटी बरोबर लॅपटॉपच्या वर टांगलीत. "वाऱ्यानं पडंल," म्हणालात. आणि त्या क्षणापासून तुम्ही नियम पाळायला लागलात.

कसा पाळलात अण्णा! तीन आठवडे! मिनिटाला अडीच हजार फेऱ्यांच्या आसपास इंजिन खोकायला लागलं. पडदा म्हणत होता सगळं ठीक आहे. मी पेट्रोल वाढवलं, खोकला तसाच. कमी केलं, तसाच. सेन्सर बदलला. अर्थिंगच्या वायरी पुन्हा जोडल्या. तुम्ही मागे लोखंडी खुर्चीवर बसून चहा पीत होतात. एकदा मी वळून बघितलं तर तुम्ही गालातल्या गालात हसत होतात. मी भुवया उंचावल्या. तुम्ही बशीनं पाटीकडे खूण केलीत.

विचारायला हवं होतं. तीन शब्दांचं काम होतं, "अण्णा, काय चुकतंय?" पण मी इलेक्ट्रॉनिक्सची बाई, आणि खोकला पेटीचा आहे असं मला वाटत होतं. तुम्हाला पेटीतलं विचारायचं म्हणजे हरल्यासारखं होतं. मंगळवारी मात्र घरी जाताना ठरवलं की आता पुरे. बुधवारी पिना घेऊन धायरीला जायचं आणि विचारायचं. बुधवारी दुपारी मी बुधवार पेठेत होते. पुढचं सांगून झालं आहे.

परवा शुक्रवारी तुमचा दहावा झाला. नदीवर पिंड ठेवलं मात्र, कावळा पहिल्या झटक्यात शिवला. सगळे म्हणाले, चांगलं झालं, अण्णांची काही इच्छा राहिलेली नव्हती. मी मनात म्हटलं, त्यांची नसेल, माझी राहिली आहे.

शर्यतीला जायचं नाही असं माझं ठरलं होतं. सुनंदानं माझ्या हातात शेडची किल्ली ठेवली. "बाई, तुम्ही नाही गेलात तर बाबा माझ्या स्वप्नात येऊन ओरडतील. तुम्हाला चालेल, मला सकाळी लवकर उठायचं असतं." हिला तुमचंच तोंड आहे.

त्याच दुपारी शेड उघडली. तुमची खुर्ची, तुमची बशी, आणि ती पाटी. मला तिची इतकी लाज वाटली की आधी ती काढावी म्हणून हात घातला. अण्णा, मी तीन आठवडे त्या पाटीखाली बसले होते आणि एकदाही ती उलटून बघितली नव्हती. मागच्या बाजूला तुमचं अक्षर होतं. सुताराच्या जाड पेन्सिलीनं लिहिलेलं:

"मागच्या जोडीला हवा जास्त जाती. नळी लावून ऐका."

त्याच्या खाली, बॉलपेननं, म्हणजे दुसऱ्या कुठल्यातरी दिवशी: "अजून विचारलं न्हाई."

आणि त्याखाली आणखी एक ओळ. तिचं शेवटी.

मी त्या लोखंडी खुर्चीवर बसून पोट धरून हसले. सल्ला द्यायचा नाही म्हणून तुम्ही बोलला नाहीत. पण मागच्या बाजूला लिहू नये, असं पाटीवर कुठे म्हटलं होतं? नळी नेहमीच्या खिळ्याला होती. इंजिन चालू केलं, डोळे मिटले. पुढच्या झडपेचा सूं. मागच्या झडपेचा सूं. आणि अण्णा, ते वेगळे होते! मागचा चक्क मोठा होता. सहा वर्षांपूर्वी "येईल" म्हणाला होतात ते आलं होतं, माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

मग मला माझा मूर्खपणा कळला. धुराची तपासणी करणारा सेन्सर मी सायलेन्सरच्या पाइपात एकच बसवला होता, दोन्ही जोड्यांचा धूर एकत्र होतो तिथे. पेटी दोघांना पेट्रोल सारखं देत होती, पण पुढच्या जोडीला हवा कमी आणि मागच्या जोडीला जास्त. हवेच्या मानानं मागची जोडी उपाशी, पुढची ठसक्यानं बेजार. सेन्सर दोघांची सरासरी बघून सांगत होता, सगळं उत्तम. सरासरीवर किती विसंबायचं, हा धडा मी दर वर्षी पहिल्या आठवड्यात शिकवायचे. दोन झडपांना जोडणाऱ्या दांड्यावरचा स्क्रू पाव आटा फिरवला. पुन्हा नळी. अजून जरासा. दोन्ही सूं एक झाले आणि खोकला गेला. तक्त्यात तीन आठवडे केलेल्या सगळ्या दुरुस्त्या पुसून मी पहिले आकडे परत भरले. ते पहिल्यापासून बरोबर होते.

आज सकाळी धावपट्टीवर सुनंदा आली होती. तुमची लोखंडी खुर्ची तिनं टेम्पोतून आणली, पिंपांच्या वळणासमोर ठेवली आणि स्वतः शेजारी उभी राहिली. मी निघाले. टोकाला पिंपं मोठी मोठी व्हायला लागली. माझा पाय आपोआप उचलला जाणार होता, सवयीनं, आणि मी मोठ्यानं ओरडले, "उचलणार नाही!" हेल्मेटमध्ये कोणाला ऐकू जाणार? गाडी वळली. इंजिन एका सुरात गात राहिलं, जसं तुम्ही कार्बोरेटर लावून दिल्यावर सरळ रस्त्यावर गायचं, तसंच, पण वळणावर. मला खुर्ची दिसली. मग काही वेळ रस्ता नीट दिसला नाही, ते सोडा.

माझ्या आजवरच्या सगळ्यात चांगल्या फेरीपेक्षा चार सेकंद कमी लागले. तांब्याभांडं दुसऱ्याच कोणाला मिळालं. तो ढकलणारा स्वयंसेवकही भेटला. या वेळी "मॅडम" म्हणाला.

संध्याकाळी गाडी शेडमध्ये लावली. समोरच्या टपरीवरचे तुमचे चौघं साक्षीदार आले, इंजिनाला हात लावून गेले, पण त्यांच्यातल्या कोणाला ते वाक्य म्हणायचा अधिकार नव्हता आणि कोणी म्हटलंही नाही. ते गेल्यावर मी पाटी पुन्हा त्याच खिळ्याला लावली, तुमची बाजू पुढे करून. नळी तिच्या शेजारी. कार्बोरेटर फळीवरच आहेत, मी पुसले.

आता ती तिसरी ओळ. परत पेन्सिलीनं, आणि अक्षरावरून वाटतं की घाईत, बहुतेक मी पलीकडे हात धुवायला गेले असताना:

"पेटी बरी हाय. पन विचारल्याशिवाय सांगनार न्हाई."

नियम माझाच आहे, त्यामुळे तक्रार करायला जागा नाही. शेडमध्ये आत्ता कोणी नाही, तुमची खुर्ची जागेवर आहे, चहा दोन कप मागवला आहे. तर अण्णा, विचारते.

पेटी कशी आहे?